फरदडीचे शब्द

फेब्रुवारी उतरणीला लागला की यवतमाळच्या रस्त्यांवर पऱ्हाटीने भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. कापूस वेचून झालेली, मुळासकट उपटलेली, वाळून कडक झालेली झाडं. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या काटक्या बाहेर आलेल्या असतात आणि वळणावर आपण शहाणपणाने गाडी थांबवली नाही तर बाही फाटते. माझी एकदा फाटली आहे. याच दिवसांत आमच्या क्लासच्या जिन्यात चपलांचा ढीग वाढतो, कारण दहावीची परीक्षा तोंडावर असते. मी तिथे नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. क्लासच्या मालकांनी रस्त्याच्या बाजूला मोठा फलक लावला आहे, 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी', आणि त्यावर टाय घातलेल्या एका मुलाचा हसरा फोटो. तो मुलगा आमच्या जिल्ह्यातला नाही हे कोणीही सांगेल. उन्हात तो कधी उभा राहिलेला दिसत नाही.

परवा मी फळ्यावर अवघड शब्द लिहीत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे शब्द पेपरात येतात काय?"

"नाही येत," मी म्हटलं.

"मंग कायले शिकून राह्यलो?"

या प्रश्नाची माझ्याकडे चांगली पाठ केलेली उत्तरं आहेत. मुलाखत, करिअर, आत्मविश्वास वगैरे. त्यांचाच तर पगार मिळतो मला. पण त्या वेळी खिडकीतून वाळलेल्या पऱ्हाटीचा वास आला, खाली कुठेतरी ट्रॉली थांबली असावी. मी फळा पुसला आणि मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला दिले.

आमच्याकडे फरदड नावाची एक रीत आहे. कापसाची खरी वेचणी पौषापर्यंत आटोपते. मग पऱ्हाटी उपटायची, रान मोकळं करायचं, हे शहाण्याचं काम. पण शेंड्याला चार हिरवी पानं असतात, एखादं फूल असतं, आणि माणूस बांधावर उभा राहून त्या फुलाकडे बघत बसतो. यंदा भाव पडला, हाती काही लागलं नाही, मग एक पाणी देऊन पाहू, पुन्हा बोंडं धरतील. म्हणून झाडं तशीच उभी ठेवायची. ही फरदड. थोडा कापूस येतोही, आखूड धाग्याचा, डागाळलेला, व्यापारी नाक मुरडून घेतो तसा. आणि त्याच उभ्या झाडांत बोंडअळी उन्हाळाभर सुखाने नांदते आणि पुढच्या हंगामाच्या ताटावर येऊन बसते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कृषी खात्याची माणसं भोंग्यावरून सांगत फिरतात, लोक माना हलवतात, आणि घरी जाऊन फरदड ठेवतात. आशा कशी दिसते असं मला कोणी विचारलं, तर मी त्याला मार्चमधलं फरदडीचं रान दाखवीन.

मला आठवतो तो आमच्या दहावीचा हंगाम. घाटंजीच्या कडेला, जिथे गाव संपून रान सुरू होतं, तिथे आमची शाळा होती. टिनाच्या खोल्या, पुढे एक कडुनिंब, आणि अनुदान नसलेले मास्तर. सरकार शाळेला अनुदान देईल तेव्हा पगार सुरू होईल, तोवर असंच शिकवायचं. मडावी सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. ते झरीकडचे, उंच, बारीक, सदा इस्त्री केलेला एकच पांढरा शर्ट. अनुदान येत्या अधिवेशनात येणार, असं ते दर अधिवेशनाला सांगत. सांगताना त्यांच्या आवाजात जराही शंका नसे.

सरांना पुस्तकातल्या इंग्रजीत रस नव्हता. ते म्हणायचे, पास तर तुम्ही गाईड वाचूनही व्हाल. त्यांना आम्हाला मोठे शब्द द्यायचे होते. रोज एक शब्द फळ्यावर यायचा आणि त्याचा नियम असा, की सूर्य बुडायच्या आत तो कोणावर तरी वापरायचा. मराठी वाक्यात वापरा, वऱ्हाडीत वापरा, म्हशीवर वापरा, पण वापरा. "वापरला नाई तं तो शब्द तुमचा नाई. तो पाहुणा. चहा पिऊन जाते मंग," असं सर म्हणायचे. सकाळी प्रत्येकाने उभं राहून काल शब्द कोणावर वापरला ते सांगायचं. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूष, हा शब्द आला त्या दिवशी अर्ध्या वर्गाने तो आपापल्या बैलावर वापरला होता.

नजमाने मात्र तो तिच्या वडिलांवर वापरला होता. "अब्बू मले सहलीले पाठवाले रिलक्टंट हायेत. पण नाई म्हणत नाईत, चष्मा पुसून राह्यले," असं ती उभी राहून म्हणाली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते तिच्याकडे बघतच राहिले, कारण शब्द नुसता बरोबर लागला नव्हता, त्यात कदीर चाचा जसेच्या तसे दिसले होते. कदीर चाचा म्हणजे तिचे वडील. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. अळी न लागणारं नवं बियाणं आलं तेव्हा आता फवारणी लागणारच नाही असं लोक म्हणायला लागले आणि दुकानासमोरची गर्दी आटली. पुढे अळी परत आली, पण तोवर लोकांच्या खिशात पंप दुरुस्त करायलाही काही उरलं नव्हतं. चाचा दिवसभर उन्हात खुर्ची टाकून चष्मा पुसत बसलेले असत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर वर्ग रिकामा व्हायला लागला. कापूस फुटला की आमच्याकडे पोरं शाळेत दिसत नाहीत, रानात दिसतात. आम्हाला शेती नव्हती. माझी आई दुसऱ्यांच्या रानात किलोवर वेचायला जायची आणि मी तिच्यासोबत. पहिल्या दिवशी मालकिणीने रानात सीतादही केली, म्हणजे पहिल्या फुटलेल्या झाडांना दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आम्हा सगळ्याजणींच्या तळहातावर थोडा थोडा ठेवला, आणि वेचणी सुरू झाली. आंबट दही, थंड भात आणि बोटाला लागलेला कापसाचा तंतू, ही चव मला अजून कुठल्याही थाळीत सापडलेली नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बांधावर सर उभे. सायकल धरून. वर्गात पोरं नाहीत म्हणून मास्तर पोरांकडे आले होते.

"जयभीम सर," आई म्हणाली. "उन्हात उभे कायले? शाळा नाई काय आज?"

"शाळा इथंच हाये सारी," सर म्हणाले आणि तिथूनच ओरडून त्यांनी आम्हाला हट्टी माणसासाठीचा शब्द दिला. ऑब्स्टिनेट.

मग ते रोज यायला लागले. काही दिवसांनी आईने कंबरेचं एक जुनं लुगड्याचं फडकं सोडून त्यांच्यापुढे धरलं. "नुसते उभे राह्यता त्यापेक्षा ओटी बांधा. शिकवता शिकवता हात चालू द्या. मजुरी भेटते." कोणीच हसलं नाही, कारण सरांना पगार नाही हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. सरांनी शर्ट वर खोचला, कापूस टाकायला फडक्याची ओटी बांधली आणि आमच्या शेजारची ओळ धरली. ओळीच्या या टोकाला सर शब्द द्यायचे आणि त्या टोकाला पोचेपर्यंत प्रत्येकीने तो लावायचा. बायकाही लावायला लागल्या. उललंच नाही, घट्ट मिटून राहिलं असं एखादं बोंड बोटाला टोचलं की आई म्हणायची, "हे पाय, ऑब्स्टिनेट. माह्या सासूवानी." संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढायची तेव्हा सरांचं सगळ्यात हलकं असायचं.

नजमा दुकानवाल्याची पोर, तिला वेचायची गरज नव्हती. ती रविवारी नुसत्या शब्दांसाठी यायची. ओढणी कंबरेला बांधून, बोटं ओरबाडून घेत. तिला वेचणं कधीच जमलं नाही, पण शब्द तिच्यापाशी आला की तो तिचा व्हायचा. मी शब्द पाठ करायचे. तिला पाठ करावं लागत नसे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, पांढऱ्या रानात, आपल्याच बोलण्याने चकित झालेला तिचा चेहरा मला आत्ता हे लिहितानाही दिसतो.

शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात गाड्या फार यायच्या. कोणी अभ्यास करायला, कोणी मदत करायला, कोणी फोटो काढायला. बरी माणसं असायची, चटईवर बसायची, पाणी प्यायची, डोळे भरून आणायची आणि अंधार पडायच्या आत यवतमाळच्या हॉटेलात परतायची. अशाच एका गाडीतून नागपूरच्या एका संस्थेची माणसं शाळेत आली. दहावी झालेल्या पोरांतून तालुक्याला एक मूल निवडायचं, नागपूरला नेऊन अकरावी-बारावी शिकवायची, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं संस्थेचं. परीक्षा एकच, इंग्रजीची, आणि त्यात भर शब्दांवर. हे ऐकताना सरांनी नजमाकडे पाहिलं, मी नजमाकडे पाहिलं, वर्गातल्या टारगट पोरांनीही पाहिलं. नजमा टेबलावरच्या खडूकडे बघत होती.

दहावीची परीक्षा आटोपली आणि सर आम्हा दोघींना घेऊन एसटीने यवतमाळला आले. एका कॉलेजात परीक्षा होती. नजमा बाहेर आली ती पाणी मागत. आम्ही मैदानातल्या झाडाखाली बसून आईने दिलेली भाकरी आणि नजमाच्या अम्मीने दिलेला शिरा खाल्ला आणि सर एकेक शब्द विचारत गेले. माझे बरेच चुकले होते. नजमाचा एकही नाही. सरांनी घास हातातच धरून ठेवला होता. एवढ्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर जागोजाग फरदड उभी होती. हिरवट, मरगळलेली, मधे मधे पांढरे ठिपके. सर म्हणाले, "पहा, अजून फुटून राह्यला कापूस."

जून उजाडला. संस्थेचा निकाल आला नाही. सर नागपूरला जाऊन आले आणि थेट पंपाच्या दुकानात गेले. मी तिथेच नजमाजवळ बसले होते. यंदा संस्थेला निवड करता आली नाही, पुढच्या वर्षी नक्की, तयारी चालू ठेवा, असं सांगितलं होतं त्यांना. अडचण एवढीच, की अकरावीला नाव घातलेलं मूल त्यांना चालणार नव्हतं.

कदीर चाचांनी चष्मा काढला. "सर, आप बोलो. मले यातलं काही समजत नाई. इथल्या कॉलेजात टाकू काय पोरीले? कळंबहून एक रिश्ता बी आला हाये. मी त्याईले थांबा म्हटलं."

"एक वर्ष, चाचा," सर म्हणाले. "असं पोरगं मी पाह्यलं नाई. इथं टाकाल तं इथंच राहीन ते. एक वर्ष उभं राहू द्या."

 चाचा चष्मा पुसत राहिले. मग मान हलवली.

मी त्याच आठवड्यात यवतमाळच्या कॉलेजात नाव घातलं. माझ्या आईला कोणी वर्षभर थांबा म्हटलं असतं तर ती थांबली नसती. तिचं साधं होतं. रान नाही, म्हणून फरदड नाही. "जे फाटक उघडं दिसते त्यातून घुसाचं," ती म्हणायची. मी घुसले. बेताची हुशार होते, बेताचीच राहिले, आणि आज फळ्यासमोर उभी आहे.

त्या वर्षी मी शनिवारी घरी आले की नजमाकडे जायचे. ती दुकानात अब्बूंच्या जागी बसून पंपाचे वायसर बदलत असायची. हात काळे, आणि तोंडात असे शब्द, की जे मला कॉलेजातही कोणी सांगितले नव्हते. सर अधूनमधून नवे आणून देत. सुरुवातीला ती मला विचारायची, मग मीच तिला विचारायला लागले. पण वापरायचे कोणावर? वर्ग नव्हता, सकाळी उभं राहून सांगायला कोणी नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, नळी गळते म्हणायचं आणि जायचं. एकदा मी विचारलं, आज कोणावर वापरला? ती म्हणाली, "भिंतीवर." आणि हसली. मीही हसले. ते हसू आता मला आठवू नये असं वाटतं.

पुढच्या वर्षी गाड्या कमी झाल्या. कापसाला जरा भाव आला म्हणे, किंवा वर्तमानपत्रांना दुसरा जिल्हा सापडला. नागपूरच्या त्या कचेरीत सर गेले तर तिथे दुसरीच पाटी. विशेष म्हणजे 'नाही' असं आम्हाला कोणी म्हटलंच नाही. 'नाही' ऐकायला मिळालं तर माणूस रडतो, भांडतो, कूस बदलतो. इथे नुसतं पाणी देणं थांबलं. कळंबचे लोक पुन्हा आले, नजमाचं लग्न झालं. मुलाचं मोटरसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, माणसं चांगली होती, कोणाला दोष द्यावा असं काहीच घडलं नाही. मला राग येतो आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही. सरांवर ठेवायला गेले तर त्यांच्या कंबरेची ती ओटी दिसते. सर अजून त्याच शाळेत आहेत. केस पिकलेत. अनुदान येत्या अधिवेशनात आहे.

मागच्या आठवड्यात मालकांनी मला कळंबला पाठवलं होतं. उन्हाळी वर्गासाठी मुलं गोळा करायची, शाळांमधून पत्रकं वाटायची. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नजमाचं दुकान आहे, घर मागेच. कितीतरी दिवसांनी भेटलो. तिने माझा हात हातात घेऊन ठेवला. गल्ल्यावर तिची मुलगी बसली होती, नववीतली, तिच्यासारखेच डोळे, बोलण्याआधी थांबणारे.

मी पत्रक काढलं. म्हटलं, "हिला पाठव माझ्याकडे. फी नको. मी स्वतः शिकवते तिला."

नजमाने पत्रकावरच्या त्या टायवाल्या मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शिकव ना," ती म्हणाली. "पास होण्यापुरतं शिकव. ते मोठे शब्द नको देऊ तिले."

"काहून?"

"त्याईले जागा लागते, शालू. माह्ये सारेच्या सारे आहेत अजून. एक बी विसरली नाई मी. सकाळी भांडे घासता घासता येतात. आता त्याईचं काय करू, सांग."

 समोरून पऱ्हाटीची ट्रॉली गेली, रस्ताभर काटक्या सांडत. नजमा म्हणाली की इकडचे लोक आता शहाणे झालेत, संक्रांतीच्या आतच उपटून टाकतात. बरं करतात, मी म्हटलं. मग आम्ही चाचांच्या गुडघ्यांबद्दल बोललो, माझ्या आईच्या मोतीबिंदूबद्दल बोललो.

मी निघायला उठले तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, ऑब्स्टिनेट म्हणजे काय हो? अम्मी मले म्हणते कधी कधी."

मी तोंड उघडलं, पण नजमा माझ्याआधी बोलली.

"काही नाई," ती म्हणाली. "जाय, मॅडमसाठी चहा ठेव."

मुलगी आत गेली. मी पुन्हा बसले. चहा येईपर्यंत आम्ही दोघी रस्त्याकडे बघत राहिलो.